विडी-काडी : एका पाकिटाचे परीक्षण

आपल्या अंकात आजवर पुस्तकांची परीक्षणे आली, नाटकांची आली, गणेशोत्सवातल्या एकांकिकांची आली (त्यांतली काही तर एकांकिकेपेक्षा लांब होती). पुठ्ठ्याच्या एका रिकाम्या पाकिटाचे परीक्षण मात्र बहुधा हे पहिलेच. "विषय तुमचा, पाने आमची" असे संपादकांनी सांगितले म्हणून हे धाडस करतो आहे.

त्याचे असे झाले. माझी मुलगी पुण्याला डिझाइनचे शिक्षण घेते. डिसेंबरच्या सुट्टीत ती बहारीनला आली ती पुठ्ठे, फेव्हिकॉल आणि एक अर्धवट गृहपाठ बरोबर घेऊनच. विषय एका ओळीचा होता : सिगरेटी आणि आगकाड्या एकत्र ठेवता येतील असे वेष्टन तयार करा. चार दिवस आमचे जेवणाचे टेबल तिच्या ताब्यात होते आणि आम्ही नवराबायको सोफ्यावर मांडीत ताटल्या घेऊन जेवत होतो. पाचव्या दिवशी तिने माझ्यापुढे एक पाकीट ठेवले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढल्यात. आता माझ्या काढा. पण लेक्चर नको हं, परीक्षण हवं."

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. डिझाइन या शब्दाशी माझा संबंध पाइप, व्हॉल्व्ह आणि गेज यांच्यापुरता. पण या विषयात माझा एक वेगळा अधिकार होता. कॉलेजात असल्यापासून मी सतरा वर्षे सिगरेट ओढली आणि २००२ साली, मुलीच्या जन्माच्या आदल्या वर्षी, सोडली. म्हणजे असे पाकीट मी कधी हातात घेतले नव्हते, पण त्याची उणीव मला हजारदा तरी भासली होती. खिशात सिगरेट आहे आणि काडी नाही, यासारखी चिडचिड ओढणाऱ्यालाच ठाऊक.

पाकीट कसे आहे?

आधी वस्तूविषयी. नेहमीच्या वीस सिगरेटींच्या पाकिटापेक्षा हे पाकीट बोटाच्या पेराच्या चौथ्या हिश्शाइतके जाड. एका कडेला उभा, चिंचोळा कप्पा. त्यात वीस काड्या. कप्प्याला आतून कागदाची एक पट्टी जोडलेली. वरचे झाकण उघडले की ती पट्टी ताणली जाते आणि सिगरेटीबरोबर काड्यांची टोकेही वर येतात. घासपट्टी तळाला. एका हाताने उघडावे, दुसऱ्या हाताने काढावे आणि पाकीट उलटे करून काडी ओढावी. झाले.

मला ते आवडले, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्यात एक हिशेबही होता. साधी किंगसाइज सिगरेट ८४ मिलिमीटर लांब आणि सुमारे ८ मिलिमीटर जाड. काडी साधारण ४३ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद-जाड. गुणाकार करून पाहा : वीस काड्यांचे मिळून लाकूड एका सिगरेटच्या घनफळातही मावते. शिवाय काडीची लांबी सिगरेटच्या जवळजवळ निम्मी, म्हणून त्या एकावर एक अशा दोन थरांत बसतात. मुलीने हे न शिकवता ओळखले होते. बाप म्हणून छाती फुगली. परीक्षक म्हणून मात्र पुढे जाणे भाग होते.

पहिला दोष ओलीचा. तंबाखू अगदी कोरडी झाली की चुरते, घशाला लागते. तिला थोडी ओल लागते, म्हणून तर सिगरेटी आत चंदेरी कागदात गुंडाळतात. काडीला उलट, ओल म्हणजे मरण. ऑगस्ट-सप्टेंबरात एसी गाडीतून उतरलो की इथे चष्म्यावर वाफ धरते. अशा हवेत आठवडाभर खिशात राहिलेल्या काड्यांचे गुल घासपट्टीवर नुसते पसरते, हा अनुभव जुन्या मंडळींना असेल. एकाच घरात एकाला ओल हवी आणि दुसऱ्याला नको, असा हा संसार. तिने मधली भिंत मेणकागदाची करावी असे मी सुचवले. तिने वहीत लिहून घेतले.

दुसरा दोष जागेचा. भारतात १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा ८५ टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्याला द्यावा लागतो. आखाती देशांतही २०१२ पासून पाकिटांवर चित्रांसह इशारे आले. तेव्हा आजच्या वेष्टनकाराच्या हाती राहतात त्या दोन कडा, तळ आणि उघडण्याची तऱ्हा. या विषयातली तऱ्हा महत्त्वाची आहे ती त्यामुळेच. रंग-चित्र काढून घेतल्यावर पाकीट गिऱ्हाइकाशी बोलते ते फक्त हालचालीतून. आणि वेष्टनाचा परिणाम काही केवळ वरवरचा नसतो. पुलापलीकडे सौदीत २०१९ च्या अखेरीस एकाच रंगाची साधी पाकिटे आली तेव्हा कित्येक ओढणाऱ्यांनी सिगरेटची चवच बदलल्याची तक्रार केली होती. डोळ्यांनी पाकीट पाहिले आणि जीभ बिघडली!

येथवर परीक्षण सरळ होते. तिसऱ्या मुद्द्यावर मी अडखळलो, आणि तो मुद्दा नीट सांगायचा तर थोडे मागे जायला हवे.

काडीचा इतिहास : दूर ठेवण्याचा

आपण जिला आगकाडी म्हणतो ती 'सेफ्टी मॅच', म्हणजे सुरक्षित काडी. सुरक्षित का? जुन्या काडीच्या टोकावर पेटण्याचे सगळे साहित्य एकत्र असे. ती भिंतीवर, बुटावर, कुठेही घासली की पेटे, आणि कधीकधी न घासताही. स्वीडनमध्ये गुस्ताफ पाश याने १८४४ साली आणि पुढे लुंडस्ट्रॉम बंधूंनी एक साधी गोष्ट केली : फॉस्फरस काडीवर न ठेवता, तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावला. निम्मे साहित्य काडीवर, निम्मे पेटीवर. दोघांची गाठ माणसाने मुद्दाम घालून दिल्याशिवाय आग नाही. एवढ्या वेगळेपणावर सगळी सुरक्षितता उभी आहे.

त्या स्वीडिश धंद्याची एक फांदी आपल्याकडेही आली. १९२३ साली स्थापन झालेल्या विमको कंपनीचा अंबरनाथचा कारखाना मध्य रेल्वेने जाणाऱ्या-येणाऱ्यांना माहीत असेल. तिथल्या नाक्याला अजून विमको नाका म्हणतात. जहाजाचे चित्र असलेली 'शिप' काडेपेटी आपल्या घरोघरी होती.

उलट दिशेचा प्रयोग अमेरिकेत झाला. जोशुआ प्युसी नावाच्या वकिलाने १८९२ साली पुठ्ठ्याच्या घडीत काड्या बसवून 'काड्यांचे पुस्तक' केले. पूर्वी हॉटेलांतून फुकट मिळायचे, ते. त्याने घासपट्टी आत, काड्यांच्या शेजारीच ठेवली होती. एक काडी ओढताना बाकीच्याही पेट घ्यायच्या. पुढे पट्टी बाहेर गेली, मग सत्तरच्या दशकात समोरून मागच्या बाजूला गेली. म्हणजे ऐंशी वर्षांत त्या पुस्तकाची सुधारणा झाली ती एकच : काडी आणि पट्टी यांच्यातले अंतर वाढत गेले.

सिगरेट आणि काडी खरोखर एकाच वेष्टनात दिल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र दुकानातले नाही, लढाईतले आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकाच्या शिध्यात एक छोटी पुडी असे : कॉफी, साखर, मीठ, च्युइंगगम, टॉयलेट पेपर, चार सिगरेटी आणि काड्यांचे पुस्तक. कुणी मागितले नाही, कुणी विकत घेतले नाही. जेवणाबरोबर आपोआप हातात. न ओढणारी कोवळी पोरे त्या पुडीने ओढायला लागली नसतील तरच नवल. १९७५ साली शिध्यातून सिगरेटी काढून टाकण्यात आल्या.

आपला शब्द, आपली टपरी

आता घरी येऊ. मुलीला मी म्हटले, "तुमच्या सरांनी दिलेला विषय मराठी भाषेने कधीच सोडवून ठेवला आहे. आपण 'विडीकाडी' म्हणतो." ती हसली, शब्द तिला ठाऊक होता, पण त्यात दोन वस्तू आहेत हे तिच्या लक्षात आले नव्हते. "विडीकाडीपुरते पैसे", "विडीकाडीचं व्यसन नाही हो मुलाला" : लग्न जमवताना ऐकलेले हे वाक्य! विडी सिगरेटसारखी आपली आपण जळत राहत नाही. दोन झुरके घेतले नाहीत की विझते. म्हणून विडीवाल्याला काडी अधिक लागते, आणि टपरीवर मागणी असते ती "एक बंडल, एक पेटी" अशी जोडीने.

पण बंडल आणि पेटी एका कागदात गुंडाळण्याची गरज आपल्याकडे कुणाला भासली नाही. कारण एकत्र आणण्याचे काम टपरीच करायची. टपरीच्या खांबाला काथ्याची दोरी टांगलेली, तिचे टोक दिवसभर धुमसत असे. सुटी सिगरेट घ्यावी, दोरीला टेकवावी आणि चालू लागावे. विस्तव फुकट. महाराष्ट्र सरकारने २०२० साली सुट्या सिगरेटींची विक्री बंद केली ती विनाकारण नाही. सुटी सिगरेट आणि फुकटचा विस्तव, एवढ्यावरच कॉलेजातल्या पोराचे पहिले पाऊल पडते. माझेही तसेच पडले.

त्याहून जुना प्रकार माझ्या आजोबांचा. त्यांच्या कोपरीच्या खिशात चंची, तिच्यात पान-तंबाखू. शेजारी चकमक, गारगोटी आणि नळीत कोंबलेला कापूस. तेही एकत्र वेष्टनच म्हणा. पण चिलीम पेटेपर्यंत दहावेळा ठिणगी पाडावी लागे. वारा असला तर चिलीम राहून जाई. आजोबा शिव्या देत आणि कामाला लागत.

मोठ्या धंद्याने ही जोडी वेगळ्या पद्धतीने जमवली. २००५ साली विमको कंपनी आयटीसीच्या समूहात गेली. आयटीसी म्हणजे मुळात १९१० साली सुरू झालेली इंपीरियल टोबॅको. सिगरेट आणि काडी पाकिटात एकत्र आली नाहीत, ती एका ताळेबंदात आली. दुकानाच्या फळीवर मात्र अजून शेजारी शेजारी, वेगवेगळ्या.

गेटवरची लाकडी पेटी

आता तो अडखळलेला मुद्दा.

१९९२ साली मी इथे आलो तेव्हा सित्र्याच्या बाजूच्या एका प्लांटमध्ये कामाला लागलो. या बेटावर १९३२ साली तेल लागले ते जबल दुखानच्या जवळ, आणि दुखान म्हणजे धूर. धुराच्या डोंगरापाशी पोट भरायला आलो तो धूर काढणारा मी! पहिल्या दिवशी गेटवर सुरक्षारक्षकाने खिसे तपासले. सिगरेटचे पाकीट परत दिले आणि काडेपेटी ठेवून घेतली. तिथे कप्प्याकप्प्यांची एक लाकडी पेटी होती. प्रत्येकाची काडेपेटी नाहीतर लायटर त्यात. सुटल्यावर घेऊन जायचे. आत ओढायचे असेल तर कुंपणाजवळ एक खोली, भिंतीत बसवलेला विजेचा लायटर. कंट्रोल रूमपासून चांगली पाच-सात मिनिटांची चाल.

आपल्यापैकी अनेकांनी हा नियम पाळला आहे. इंधन, हवा आणि ठिणगी हा आगीचा त्रिकोण आपण नव्या पोरांना शिकवला आहे. हवा काढता येत नाही, इंधन हाच तर धंदा. म्हणून ठिणगी दूर ठेवायची. हॉट वर्क परमिटच्या ज्या चळती आपण सह्या करून करून संपवल्या, त्यांचा सारांश एवढाच. या बेटावर आपली निम्मी वस्ती ठिणगीला दूर ठेवण्याचा पगार घेत आली आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रात्रपाळीत मी दोन, फार तर तीन सिगरेटी ओढत असे. सुट्टीच्या रात्री तेवढ्याच तासांत दहा. माणूस तोच, तलफ तीच, पाकीटही तेच. फरक फक्त काडी किती दूर आहे याचा. उठावे, हेल्मेट घालावे, त्या उकाड्यात चालत जावे, एवढ्यात तलफ बहुतेक वेळा निघून जाई. नियम केला होता तेल वाचवायला. त्यात थोडा मीही वाचत होतो.

२००२ साली सौ.ला दिवस गेले तेव्हा मी तोच नियम घरी लावला. पाकीट खाली गाडीत, काडेपेटी चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरात. गाडीतला लायटर काढून टाकला. दोनदा मोडले, एकदा शेजाऱ्याकडून काडी मागून आणली. पण पाच-सहा महिन्यांत सुटली ती सुटली. इच्छाशक्तीची फुशारकी मी मारत नाही. मला लिफ्टने वाचवले.

आमच्या मनामातल्या खोलीतल्या तिसऱ्या जोडीदाराला असे गेट नव्हते. तो दुकानात कामाला होता, लायटर कायम शर्टाच्या खिशात, पाकिटाला चिकटून. पन्नाशीही गाठली नाही; फुप्फुसाने घात केला. सगळा दोष त्या लायटरवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. तरी मुलीने तिचे पाकीट उघडले, सिगरेटीबरोबर काड्याही अलगद वर आल्या, तेव्हा मला त्याचा तो खिसाच दिसला.

दुसरी बाजू

परीक्षकाने न्याय करावा म्हणून दुसरी बाजूही सांगतो. काडी नसण्याने मला माणसे दिली. १९९२ साली मनामात मला अरबीतला पहिला शब्द आला तो 'किब्रीत', म्हणजे काडी. बाब अल बहारीनच्या समोर कुणा अनोळखी माणसाला "किब्रीत?" म्हणून विचारावे, तो केरळचा निघे, पेशावरचा निघे, इथलाच म्हातारा निघे. एका काडीवर दोघे वाकत, आणि वाऱ्याला आड करायला चार हात एकत्र येत. परक्या गावात ही ओळख लहान नव्हती. ज्याच्याजवळ सिगरेट आणि काडी दोन्ही आहे त्याला कुणाचीच गरज नाही. पण हेही खरे की त्या ओळखींनी माझ्या सिगरेटी वाढवल्या. काडीमधले अंतर कधी माणसे जोडते, कधी माणूस वाचवते. दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडावे लागतात.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मग तिने वर्मावर बोट ठेवले. "बाबा, हे अंतर लायटरने कधीच संपवलं. आणि व्हेपने तर पूर्णच. व्हेप म्हणजे सिगरेट आणि काडी एकाच नळीत. आमच्या वर्गातल्या मुलींच्या पर्समध्ये असतं."

खरे होते. भारतात २०१९ पासून ई-सिगरेटवर बंदी आहे, तरी ती पर्समध्ये पोचते. तिच्या गृहपाठाचे शेवटचे उत्तर बाजारात येऊनही गेले होते. सिगरेट निदान संपते, थोटूक उरते, पुढची पेटवावी लागते. त्या नळीला मधे थांबण्याची जागाच नाही. बहारीनने ३० डिसेंबर २०१७ पासून तंबाखूवर १०० टक्के अबकारी कर लावला. सरकारे किंमत वाढवून थोडे अंतर तयार करतात, आणि वेष्टनकार, यंत्रकार ते पुन्हा मिटवतात.

मग मी तिला माझे परीक्षण सांगितले. कौशल्याला शंभरपैकी नव्वद. दहा ओलीचे कापले. प्रश्नाला मात्र पस्तीस. कारण प्रश्नाने दोन वस्तूंमधले अंतर ही अडचण आहे असे धरून चालले आहे. कुठले अंतर अडचण आहे आणि कुठले कुंपण, हे डिझाइन करणाऱ्याने पेन्सिल हातात घेण्याआधी विचारावे. औषधाच्या बाटलीचे झाकण लहान मुलाला उघडू नये म्हणून मुद्दाम अवघड करतात, तेही डिझाइनच. "सोपे करून दिले" हे प्रत्येक वेळी कौतुक नसते.

"मग मी हे देऊ नको?" तिने विचारले.

"दे की. काम चांगलं आहे. फक्त सोबत एक पान लिही, या पाकिटाने कोणाचं काय काढून घेतलं ते."

तिने लिहिले. मार्क किती मिळाले ते अजून कळायचे आहेत.

जाताना तिने आधीचा नमुना इथेच ठेवला. सौ.ने तो देवघरात नेला. सिगरेटीच्या जागी उदबत्त्या, थोड्या तोडून. कडेच्या कप्प्यात काड्या. सकाळी सातला मी पूजेला बसतो, झाकण उघडतो, आणि उदबत्तीबरोबर काड्या अलगद वर येतात. फार सोयीचे आहे. फक्त ऑगस्टात काय होते ते पाहायचे.